मुलांसोबत घरी फुलपाखरू वाढवायचंय? आधी पान शोधा, मग अळी

आमच्या धाकटीने पहिली अळी आणली ती बरणीत, आणि सोबत चार वेगवेगळ्या झाडांची पानं, "तिला जे आवडेल ते खाईल" म्हणाली. मलाही ते तेव्हा पटलं. अळीने चारातल्या एकाही पानाला तोंड लावलं नाही, दोन दिवस नुसती बरणीच्या काचेवर फिरत राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आडवी पडलेली. नंतर कळलं की बहुतेक जातींच्या अळ्यांना एकच ठराविक झाड किंवा त्याच्या कुळातली दोन-चार झाडं चालतात, बाकी पानांच्या ढिगात बसवलं तरी त्या उपाशी मरतात, पण खात नाहीत. म्हणून डबा, जाळी, भिंग वगैरेच्या मागे नंतर लागा. आधी झाड शोधा.

तर सुरुवात झाडापासून.

नवीन लोकांनी लिंबू, कढीपत्ता किंवा रुई यातलं एखादं झाड पकडावं असं माझं मत. लिंबावर आणि कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या सापडतात, रुईवर बिबळ्या कडव्याच्या, तोच तो केशरी पंखांचा, काळ्या-पांढऱ्या टोकांचा. यातलं एकही तुमच्याकडे उगवत नसेल तर कोबी-मुळ्याच्या कुळातल्या झाडांवर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, त्याही चालतील. कोवळ्या पानांच्या वर-खाली बघा. लिंबाळीचं अंडं म्हणजे फिकट पिवळा, मोहरीहूनही लहान गोल मणी, एका जागी एकच. मुलांची नजर यात आपल्यापेक्षा तेज असते, मी पाच मिनिटं शोधून काही मिळालं नाही आणि धाकटीने उभ्या उभ्या तीन दाखवली.

अंडं मिळालं तर उत्तम, कारण ते तीन-चार दिवसांत फुटतं आणि सगळा खेळ पहिल्यापासून बघता येतो. शिवाय अंडं लवकर घरात आलं की परजीवी माश्यांनी आणि गांधीलमाश्यांच्या लहान भाऊबंदांनी त्या अळीत आधीच अंडी घालून ठेवलेली असण्याची शक्यता कमी होते, त्याबद्दल पुढे सांगते. अंडं पानावरून खरवडून काढू नका, पानासकट आणा. अळी बाहेर आली की पहिलं जेवण बहुतेक वेळा स्वतःच्याच अंड्याचं कवच, त्यामुळे कवच दिसेनासं झालं म्हणून घाबरायचं नाही.

लिंबाळीची लहान अळी बघून मुलं "ई, चिमणीची शी" म्हणतील. तसंच दिसायचं असतं तिला, काळपट तपकिरी, मधे पांढरा डाग, म्हणजे पक्षी तिला खायला बघतच नाही. मोठी झाली की शेवटची कात टाकून एकदम हिरवीगार होते आणि मग पानात लपते. आमच्या मोठ्या मुलाने त्या दिवशी "जुनी अळी पळाली आणि कुणीतरी दुसरी ठेवली" असा आरडाओरडा केला होता.

केसाळ काही दिसलं तर ते नको. केसाळ सुरवंटांपैकी काहींच्या केसांनी भयंकर खाज सुटते, डोळ्यात गेलं तर आणखी ताप, आणि कुठला साधा कुठला खाजरा हे ओळखता येईपर्यंत मुलांना एकच नियम सांगा: केस दिसले की हात मागे. आणि रुईचं पान तोडताना चीक निघतो तो डोळ्यांना वाईट, तर ती पानं मोठ्या माणसानेच तोडायची आणि लगेच हात साबणाने धुवायचे.

एका वेळी दोन, फार तर तीन. मुलं दहा आणायला निघतात, तेव्हा ठाम नाही म्हणा. शेवटच्या आठवड्यात एक अळी किती खाते हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही, माझं अर्धं कढीपत्त्याचं रोप चार दिवसांत बोडकं झालं होतं. आणि गर्दी झाली की रोग पसरतो, मोठ्या अळ्या पानासोबत लहानगी किंवा अंडी पण चावून टाकतात.

आता घर. याला काहीही विकत आणावं लागत नाही. रुंद तोंडाची बरणी किंवा पारदर्शक डबा घ्या, झाकणाऐवजी मच्छरदाणीचा तुकडा किंवा जुन्या ओढणीचं कापड आणि वरून रबर. झाकण लावून भोकं पाडलेला डबाही चालतो पण त्यात वाफ धरते, पानं सडतात, बुरशी येते, म्हणून मला कापडच बरं वाटतं. डब्याला उंची हवी, कमीत कमी वीतभर, कारण शेवटी फुलपाखराला लटकून पंख पसरायला जागा लागते आणि ते ऐनवेळी सुचून उपयोग नसतो. तळाला पेपर किंवा टिश्यू, म्हणजे शी काढायला सोपं. आत एक-दोन सुक्या काड्या तिरक्या उभ्या करा.

डबा कुठे ठेवायचा? उजेड असेल पण ऊन थेट येणार नाही अशा जागी. काचेच्या बरणीवर ऊन पडलं की आतली अळी अक्षरशः शिजते, आणि याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पंख्याच्या थेट झोतात पण नको. आणि मुंग्या! मुंग्यांचं लक्षात ठेवा, डबा टेबलवर असेल तर टेबलाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा, नाहीतर डबाच एका पाणी भरलेल्या ताटात मधोमध.

रोजचं काम एवढंच: सकाळी शी झटकायची, सुकलेली पानं काढायची, ताजी घालायची. दहा मिनिटं. अळीला पाणी वेगळं द्यायचं नाही, पानातलं पुरतं. पानं धुतली तर नीट पुसून घाला, ओली पानं खाऊन अळ्यांचं पोट बिघडतं आणि डबाही दमट होतो. फांदी पाण्यात खोचून ठेवायची असेल तर बाटली लहान तोंडाची घ्या आणि फांदीभोवतीची फट कापसाने गच्च बंद करा. हे मी मोठ्या अक्षरात लिहायला हवं कारण आमची एक छान हिरवी झालेली अळी फांदीवरून खाली उतरत उतरत सरळ पाण्यात गेली आणि रात्रीत बुडून मेली, तिला थांबायचं कळत नाही, ती काठीवरून चालत राहते.

कीटकनाशक मारलेली पानं नकोत हे सगळे सांगतात, पण एक गोष्ट सहज सुटते. नर्सरीतून नवं आणलेलं रोप. त्याच्या मुळाशी घातलेलं औषध कधीकधी रसातून पानात उतरलेलं असतं, ते वरून धुवून जात नाही. असं रोप काही आठवडे घरी राहू द्या, नवी पालवी फुटू द्या, आणि आधी एकाच अळीला त्याची पानं देऊन बघा. डासांची कॉइल, ढेकणासारखे कीटक मारायचा स्प्रे, उदबत्तीचा धूर हे सगळं अळीच्या खोलीत बंद. डासांसाठी लावलेल्या औषधाने पण अळ्या मरतात, त्या औषधाला डास आणि अळी असा फरक कळत नाही.

हात लावायचा का, हा प्रश्न पहिल्या तासातच येतो. उत्तर: जवळपास नाही. अळी हलवायची असेल तर रंगाचा मऊ ब्रश घेऊन तिच्यासमोर धरा, ती स्वतः चढते, किंवा ती बसलेलं जुनं पानच नव्या पानावर ठेवून द्या, भूक लागली की जाते. ओढून काढू नका, पाय पानाला घट्ट चिकटलेले असतात आणि ओढताना फाटतात. मोजून बघा म्हणावं मुलांना: पुढे तीन जोड्या खरे पाय, मागे पाच जोड्यांपर्यंत मऊ गुबगुबीत पाय. त्याहून जास्त जोड्या निघाल्या तर ती फुलपाखराची अळीच नाही, दुसऱ्याच एका माशीची आहे. हा मोजायचा खेळ आमच्याकडे फार चालला.

मोठ्या हिरव्या लिंबाळीला डिवचलं की डोक्यामागून दोन टोकांचं लालसर-पिवळं शिंग बाहेर येतं आणि लिंबासारखा उग्र वास सुटतो. मुलांना हे बघायचंच असतं. एकदा बघा, आणि मग सोडा तिला. सारखं सारखं केलं तर ती खाणं सोडून त्यातच दमते.

मधेच एक दिवस येतो की अळी काही खात नाही, एका जागी बसून राहते, डोकं थोडं वर उचललेलं, रंग मंद. पहिल्या वेळी मी चमच्याने ढोसून बघितलं, जिवंत आहे का ते. असं करू नका. ती कात टाकायची तयारी करतेय, एक-दीड दिवस लागतो, आणि या काळात तिला हलवलं तर जुनी कातडी पायाच्या जागी अडकून अळी मरू शकते. अळी साधारण चार वेळा कात टाकते, म्हणजे पाच टप्पे. डब्याच्या तळाला काळा, टाचणीच्या डोक्याएवढा गोल तुकडा सापडला तर तो डोक्याचा जुना मुखवटा असतो, तो जपून वहीत चिकटवा, पाच टप्प्यांचे चार मुखवटे एका ओळीत ठेवले की अळी किती वाढली ते डोळ्याला दिसतं. वहीत रोज पट्टी पानाशेजारी धरून लांबी पण लिहा. लिंबाळी दोन-तीन मिलिमीटरपासून निघते आणि दोन-अडीच आठवड्यांत चार सेंटिमीटरच्या घरात जाते. मोनार्क नावाच्या फुलपाखराची अळी तर एवढ्याच वेळात वजनाने सुमारे २००० पट होते.

मग एका दिवशी ती खाणं सोडते आणि डब्यात वर-खाली, उलटसुलट भटकायला लागते. त्याच्या आधी एकदा पातळ, ओली शी होते, नेहमीच्या कोरड्या गोळ्यांसारखी नाही. आजारी पडली असं वाटतं, पण ती पोट रिकामं करते, कोषात जायच्या आधी. आता डबा अजिबात हलवायचा नाही. ज्या काडीवर ती बसेल ती काडी तिची, तुम्हाला सोयीची नसली तरी.

लिंबाळी आणि बिबळ्या कडवा इथे वेगळं वागतात. बिबळ्या शेपटीकडून उलटा लटकतो, डोकं वर वळवून इंग्रजी जे सारखा, आणि काही तासांनी कातडी मागे फाटत फाटत वर सरकते, आतून हिरवा किंवा गुलाबीसर कोष निघतो. फाटायला लागलं की दोन-चार मिनिटांत आटपतं, म्हणजे तुम्ही चहा करायला गेलात की संपलं. लिंबाळी मात्र डोकं वर करून बसते आणि कमरेभोवती रेशमाचा पट्टा बांधून घेते, विजेच्या खांबावर चढलेला वायरमन जसा पट्ट्यावर मागे रेलतो ना, अगदी तसं. कोषाचा रंग हिरवा की तपकिरी हे आजूबाजूच्या जागेवरही ठरतं.

आणखी एक. शेपटीवर शिंग असलेली जाडजूड अळी मिळाली असेल तर ती बहुधा पतंगाची, तिला काडी नको, तिला माती हवी. डब्यात चार बोटं भुसभुशीत माती घाला, ती खाली जाऊन आत कोष करते. नाही घातली तर बिचारी डब्याच्या कोपऱ्यात गोल गोल फिरत बसते.

कोष झाल्यावर मुलांचं लक्ष उडतं, कारण आठ-दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही. थंडीत तर कोष महिनोन्महिने तसाच राहू शकतो, म्हणून दोन आठवडे झाले म्हणून फेकून देऊ नका, हिरवा-घट्ट आहे आणि काळा पडून मऊ झाला नाही तोवर वाट बघा. कोरडी हवा असेल तर दोन दिवसांतून एकदा जाळीवर पाण्याचा बारीक फवारा, कोषावर नाही. मधल्या काळात आमच्याकडे गोष्टी झाल्या. धाकटीला सांगितलं की आतमध्ये अळीचे बरेचसे अवयव विरघळतात आणि अळीत आधीपासून असलेल्या छोट्या पेशींच्या गठ्ठ्यांतून पंख, पाय, डोळे तयार होतात, तर तिचा प्रश्न: "मग तिला मी आठवेन का?" मी हसले, पण याचं खरं उत्तर शोधताना कळलं की २००८ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात तंबाखूवरच्या पतंगाच्या मोठ्या अळ्यांना एका वासाची भीती शिकवली होती आणि पतंग झाल्यावरही त्या वासापासून दूर जात होत्या. धाकटी तेवढ्यावर खुश. मोठ्याला मारिया सिबिला मेरियन आवडली, १६४७ मध्ये जन्मलेली, १३ वर्षांची असताना रेशमाचे किडे पाळून रोज चित्रं काढायची, त्या काळात किडे चिखलातून आपोआप उपजतात असं बरेच लोक मानत असताना.

बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो, मग पारदर्शक, आणि आतले पंख ओळखू येतात. बिबळ्याचा केशरी रंग कोषातून दिसला म्हणजे उद्या सकाळी लवकर उठायचं. बहुतेक सकाळीच येतं बाहेर. आमचं सात वाजून दहा मिनिटांनी आलं: कोष खालच्या बाजूने चिरला, आधी पाय दिसले, मग एक ओला, सुरकुतलेला, चिमटीएवढ्या पंखांचा प्राणी बाहेर आला आणि रिकाम्या कोषाला धरून लटकला. पोट फुगीर, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. पोटातलं पातळ द्रव पंखांच्या शिरांत ढकलून तो पंख फुलवतो, १०-१५ मिनिटांत ते मोठे होतात, पण वाळून कडक व्हायला एक-दोन तास लागतात. त्याच वेळी सोंडेचे दोन भाग सारखे उलगडून-गुंडाळून एकमेकांना जोडले जातात, भिंगाने बघा.

इथे मदत करायची इच्छा होते. कोष चिरण्यात, पंख ओढण्यात, काहीही. नाही. पडलं तर मात्र लगेच काडी समोर धरा, चढू द्या, जमिनीवर सपाट बसून पंख वाळले तर कायमचे वाकडे राहतात. डब्यात लाल किंवा तपकिरी थेंब सांडलेले दिसतील, ते रक्त नाही, कोषात साठलेला टाकाऊ द्रव आहे. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सकाळी सात वाजता रडारड.

सोडायची घाई नको, पण ठेवून घ्यायचं पण नाही. तीन-चार तासांनी पंख फडफडवायला लागलं की बाहेर, कोरड्या हवेत, ऊन असताना, शक्यतो त्याच झाडाच्या जवळ जिथून अळी आणली. पहिल्या दिवशी खायला लागत नाही. पाऊस कोसळत असेल तर एक-दोन दिवस जाळीत ठेवा आणि साखरेच्या अगदी पातळ पाण्यात भिजवलेला कापूस द्या, एक भाग साखर, दहा भाग पाणी. पंख धरायचे नाहीत, बोट पायांसमोर धरा, चढतं. बिबळ्या असेल तर मागच्या पंखावर बघा: तीनच काळे ठिपके असले तर मादी, चौथा ठिपका मधे पांढरट असेल तर नर, त्या ठिपक्यात वासाची थैली असते.

गाडीने लांब घेऊन जाऊन सोडू नका, दुसऱ्या गावच्या पाहुण्यांना अंडी भेट देऊ नका, रोग आणि भलतीच जात दोन्ही पसरतात. काही जातींना कायद्याने संरक्षण असतं, म्हणून अनोळखी, दुर्मिळ दिसणाऱ्या अळीचा फोटो काढा आणि तिला झाडावरच ठेवा.

आता बिघडलं तर. अळी काळी पडून मऊ, लोंबती, वास येत असेल तर रोग आहे, ती लगेच वेगळी करा, डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, बाकीच्यांना ताजा डबा. कोष खाली पडला तर रेशमाचा धागा टेपने काडीला चिकटवा, नाही जमलं तर टिश्यूवर उतरणीला ठेवा, जवळ काडी असू द्या, तिथून चढायला. पंख वाकडेच राहिले तर ते उडणार नाही, त्याला जाळीतल्या फुलांवर आणि साखरपाण्यावर ठेवा, आमच्याकडे एक असं नऊ दिवस राहिलं.

आणि परजीवी. आमच्या दुसऱ्या कोषातून फुलपाखराऐवजी एका दुपारी बारीक भोकं आणि दहा-बारा इवल्याशा माश्या निघाल्या. मोठा दोन तास बोलला नाही. मी समजूत घालायला गेले तर म्हणाला, "त्यांना पण खायला लागतंच ना," आणि वही घेऊन त्यांचं चित्र काढत बसला, पंखांच्या शिरा बारीक काढल्या होत्या. म्हणून अळ्या घरात आणताना मुलांना एवढं आधी सांगा की सगळ्याच फुलपाखरं होणार नाहीत.

डबा रिकामा झाला की साबणाने धुवून कडक उन्हात वाळवा, मगच पुढची अळी. रिकामा कोष मात्र टाकू नका, हलका आणि ठिसूळ असतो, कापसावर ठेवून काडेपेटीत बंद करा. त्यावर पंखांचे, डोक्यावरच्या मिशांचे आणि सोंडेचे ठसे भिंगाने स्पष्ट दिसतात, सोंडेचा ठसा पोटाच्या बाजूने मधोमध खाली जातो.